सहा फुटी प्रवाळ टाकी : दिवे आणि दगड यांच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी लावून तीत प्रवाळ वाढवण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी दिवे कोणते घ्यावेत, मालवणहून जिवंत दगड (म्हणजे समुद्री जीव वसलेले दगड) आणता येतील का, अलिबागचे समुद्राचे पाणी चालेल का आणि गणपतीत घर आठ दिवस बंद असते तेव्हा काय करावे, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. मी पहिली प्रवाळ टाकी आखातात नोकरीला असताना लावली आणि त्यानंतरच्या साऱ्या टाक्या पुण्यातच सांभाळल्या. त्या अनुभवावरून सांगतो की या चारांपैकी दिव्यांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो मी मागे ठेवतो. जे प्रश्न आपण विचारले नाहीत, म्हणजे जमीन, वीज आणि एप्रिल-मे महिने, त्यांच्यावरच पुण्यातली टाकी जगते किंवा मरते.

मालवणच्या दगडांचे उत्तर मात्र आधी देतो, कारण ते स्पष्ट नकाराचे आहे. दगडी सांगाडा बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, आणि ‘ओळखीतून’ जिवंत दगड पाठवतो म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार करू नये. बाजारात कठीण प्रवाळांचे तुकडे, ज्यांना सगळे फ्रॅग म्हणतात, विकायला असतात. पण दुकानात मिळते म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. कठीण प्रवाळ सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे परदेशातून आणताना परवाना लागतो, आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली आहे. माझे मत असे की आपण टाकी मऊ प्रवाळांसाठीच आखावी. मऊ प्रवाळांची नीट वाढलेली टाकी पाहिलेला माणूस ‘यात काही कमी आहे’ असे म्हणत नाही.

आता जमिनीकडे येऊ. आपल्या मापाच्या टाकीत साधारण ७५० लिटर पाणी राहील आणि खालच्या समपमध्ये, म्हणजे पंप आणि गाळणीची यंत्रे ठेवायच्या जोडटाकीत, आणखी १५०. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला एक किलोहून थोडे जास्त असते, म्हणजे नुसते पाणीच ९२० किलो झाले. पंधरा मिलिमीटर काचेची टाकी सुमारे १७० किलो, त्यावर समप, दगड, वाळू आणि स्टँड धरले की एकूण भार सव्वा टनाच्या पुढे जातो, आणि तो जेमतेम १.४ चौरस मीटरवर येतो. म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो. आपल्याकडे राहत्या घराची जमीन ज्या वापरभारासाठी आखतात तो चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. याचा अर्थ टाकी खाली कोसळेल असा नव्हे, कारण तो आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे. पण टाकी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईवर किंवा तिला लागून ठेवावी लागते, आणि ती तुळई कुठे आहे हे इमारतीचा नकाशा पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचे असते. त्याचे शुल्क टाकीच्या एकूण खर्चात नगण्य ठरेल. लोखंडी स्टँड असेल तर त्याला इपॉक्सी रंग हवा, कारण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साध्या रंगाला दोन पावसाळेही टिकू देत नाहीत. उंची दोन फुटांवर थांबवलीत हे फार बरे केलेत. अडीच फूट खोल टाकीत तळाशी पडलेला तुकडा उचलताना काखेपर्यंत हात बुडवावा लागतो, आणि ज्या टाकीत हात पोचत नाही ती टाकी माणूस हळूहळू साफ करणे सोडतो.

समपबद्दल एकच हिशेब करून ठेवावा. वीज गेली की समपमधले पाणी वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि मुख्य टाकीतील वरचे पाणी ओव्हरफ्लोमधून खाली उतरते. आपल्या टाकीच्या पृष्ठभागावरून दोन सेंटिमीटर पाणी उतरले तर ते २८ लिटर होते, नळ्यांतले वेगळेच. तेवढी रिकामी जागा समपमध्ये कायम राहिली पाहिजे. रिटर्नच्या नळीतून पाणी उलटे ओढले जाऊ नये म्हणून लोक एकमार्गी झडप बसवतात, पण तिच्यात एखादी गोगलगाय अडकली की ती बंदच होत नाही. त्याऐवजी नळीला पाण्याच्या पातळीजवळ एक लहान छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. टाकीत मीठ घालण्यापूर्वी साध्या पाण्यावर आठवडाभर सगळे चालवून पाहावे आणि त्या आठवड्यात मुख्य बटण मुद्दाम दहा-वीस वेळा बंद-चालू करावे. जे सांडायचे ते त्याच आठवड्यात सांडू द्यावे.

विजेच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यांत तडजोड नको. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न त्याच्याकडूनच येते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचे असेच अतोनात नुकसान झाले. घरातली टाकी २५ ते २६.५ अंशांवर ठेवावी. एखाद्या दिवशी २८ झाले तर बिघडत नाही, पण ३० च्या वर दोन-तीन दिवस राहिले तर नुकसान दिसू लागते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी बंद घराचे तापमान ३५ च्या पुढे सहज जाते, शिवाय पंप आणि दिवे यांची उष्णता पाण्यातच उतरते. पुण्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर पंखे लावण्याचा उपाय येथे खरोखर चालतो. दिवसाला दहा लिटर पाणी वाफ होऊन गेले तर ते सुमारे पावणेसात युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. हाच उपाय मुंबईत किंवा रत्नागिरीत फारसा चालत नाही, कारण तेथील दमट हवा आणखी वाफ घ्यायला तयार नसते. तरीही एवढ्या टाकीला मी पंख्यांच्या भरवशावर ठेवणार नाही. अर्ध्या अश्वशक्तीचा चिलर घ्यावा, पण तो टाकीखालच्या कपाटात कोंडू नये. चिलर पाण्यातली उष्णता काढून हवेत टाकतो, आणि ती हवा कपाटातच फिरत राहिली तर तो स्वतःलाच तापवत बसतो. बाल्कनीत, सावलीत आणि पावसापासून सुरक्षित जागी तो ठेवता आला तर उत्तम. उन्हाळ्यातला विजेचा खप धरायचा झाला तर दिव्यांचे चार, पंपांचे तीन आणि चिलरचे चार-पाच असे दिवसाला अकरा-बारा युनिट येतील. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. हा आकडा घरात आधीच सांगून ठेवावा.

वीज गेल्यावर सर्वांत आधी संपतो तो प्राणवायू. तापमान आणि प्रकाश नंतर येतात. पाणी हलायचे थांबले की भरलेल्या टाकीतील मासे काही तासांत वर येऊन धापा टाकू लागतात, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा छोटा पंप) आणि जमल्यास रिटर्न पंप घ्यावा. चिलर, दिवे आणि हीटर मुळीच घेऊ नयेत. १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीतून व्यवहारात एक युनिट वीज मिळते असे धरावे. तीस वॉटचा वेव्हमेकर आणि साठ वॉटचा पंप तिच्यावर दहा-अकरा तास चालतील, नुसता वेव्हमेकर तर दिवसभराहून जास्त. या टाकीसाठी वेगळा इन्व्हर्टर घेणे मला शहाणपणाचे वाटते, कारण घरच्या इन्व्हर्टरवर पाहुण्यांच्या खोलीतला पंखा कधी लागेल हे सांगता येत नाही.

अलिबागच्या पाण्याला माझा नकार कायद्यामुळे नव्हे, तर व्यवहारामुळे आहे. किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ असते, पावसाळ्यात नद्यांमुळे त्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, खाली जाते, त्यात बंदराचे तेल आणि वस्तीचे सांडपाणी किती आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि दर पंधरवड्याला ९० लिटर पाणी घाट चढवून आणायचे आहे. त्यापेक्षा तयार सॉल्ट मिक्स घ्यावे. पहिल्या भरणीला ३३ ते ३५ किलो लागेल. मिठागरातले मीठ चालेल का, असे मला अनेकदा विचारले जाते. मिठागरात सोडियम क्लोराइड वेगळे होते आणि मॅग्नेशियमचा बराचसा भाग मागे राहिलेल्या कडवट पाण्यात जातो, म्हणून ते मीठ कितीही शुद्ध असले तरी त्यापासून समुद्र तयार होत नाही.

मीठ मिसळायचे पाणी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेसुरले क्षार शोषणारे दाणे) अशा दोन्हींतून गेलेले असावे आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ते शून्य दिसावे. खडकवासल्याचे पाणी मऊ असल्यामुळे रेझिन बरेच दिवस टिकते. टँकर किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्यांचे ते भराभर संपते. स्वयंपाकघरातला आरओ वापरू नका, कारण चव यावी म्हणून त्यात क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. क्षारता हजारी ३५ ठेवावी आणि ती मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य न करता ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा. वाफेने पाणी जाते पण मीठ जात नाही, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालायची असते आणि एवढ्या टाकीत ती स्वयंचलित टॉप-अपने घालावी. येथे माझी एक चूक सांगतो. टॉप-अपच्या नळीचे तोंड मी समपच्या पाण्यात बुडालेले ठेवले होते. पंप बंद झाला तरी ओढ सुरूच राहिली आणि रात्रीत चाळीस लिटर गोडे पाणी टाकीत गेले. नऊशे लिटरमध्ये क्षारता ३५ वरून साडेतेहतीसवर आली आणि प्रवाळांनी तोंडे मिटण्यापलीकडे काही केले नाही. शंभर लिटरच्या टाकीत ती २५ वर आली असती आणि सकाळी काही उरले नसते. मोठी टाकी नवशिक्याला सोपी जाते असे म्हणतात ते याच अर्थाने. खर्च आणि भार यांच्या बाबतीत ते खरे नाही.

दगडांसाठी कोरडे, मानवनिर्मित किंवा सिरॅमिकचे दगड घ्यावेत. चाळीस-पन्नास किलो पुरतात. ते भिंतीसारखे रचू नयेत. मागून पाणी फिरेल आणि काच पुसता येईल इतकी जागा चहूबाजूंनी सोडावी. कोरड्या दगडांवर जिवाणू वसायला वेळ लागतो. त्यासाठी पाण्यात अमोनिया घालावा लागतो, आणि तो अमोनियम क्लोराइडच्या, म्हणजे आपल्या नवसागराच्या रूपाने घालता येतो. मात्र तो कल्हईवाल्याकडचा नसावा, प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध असावा. नऊशे लिटरला साडेपाच-सहा ग्रॅम घातले की अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम होतो. हा अमोनिया आणि त्यापासून होणारा नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागले की टाकी सायकल झाली, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू पुरेसे वसले, असे समजावे. याला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर तपकिरी थर, मग हिरवे केस आणि कधी चिकट बुडबुडेदार शेवाळ असे अनेक महिने चालू शकते. या काळात औषधे घालत सुटणारे लोक टाकी बिघडवतात. गोगलगायी सोडाव्यात, काच पुसावी आणि थांबावे.

दिव्यांचे उत्तर आता थोडक्यात देता येते. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार (वनस्पतींना उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) इतका प्रकाश पुरतो. निळ्या रंगाकडे झुकणारे तीन एलईडी दिवे, प्रत्येकी दोन फूट लांबीसाठी एक, असे लावावेत, पहिल्या महिन्यात ते तीस-चाळीस टक्क्यांवर आठ-नऊ तासच चालवावेत आणि पार मीटर विकत न घेता एका दिवसासाठी भाड्याने किंवा उसना आणावा. प्रवाहासाठी दोन टोकांना दोन वेव्हमेकर समोरासमोर लावावेत, दोन्ही मिळून तासाला पंधरा हजार लिटरच्या आसपास, आणि त्यांचा वेग सतत बदलता ठेवावा. एकाच दिशेने सतत झोत बसणारा प्रवाळ त्या बाजूने झडतो.

रसायनांत पाहायच्या गोष्टी तीन : क्षारीयता (आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता, ही क्षारतेपेक्षा वेगळी) ७ ते ९ डीकेएच या एककात, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५०. यांतील क्षारीयता सर्वांत लवकर हलते, म्हणून आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी तीच मोजावी. आकडा ७.५ आहे की ८.५ याला फारसा अर्थ नाही. तो मागच्या आठवड्याइतकाच आहे का, हे पाहायचे असते. मऊ प्रवाळांच्या टाकीत दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलले की सहसा वेगळे काही घालावे लागत नाही. तरी गुलाबी चुनखडी शैवाल वाढू लागले की क्षारीयता उतरू लागते. त्या वेळी खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. बेकिंग पावडर नव्हे, शुद्ध सोडा. नऊशे लिटरला २७ ग्रॅम सोड्याने क्षारीयता एक डीकेएचने वाढते, आणि दिवसात यापेक्षा जास्त वाढवू नये. दुसरा जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड टॉप-अपच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅमपर्यंत विरघळवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळ थेंबथेंब सोडली की कॅल्शियम आणि क्षारीयता दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. पानाच्या डबीतला चुना वापरू नये. निवळीचा सामू बाराच्या पुढे असतो, म्हणून टॉप-अप अडकला तर हाच उपाय टाकीचा घात करतो. वर सांगितलेल्या माझ्या प्रसंगात त्या पाण्यात निवळी असती तर मला ही गोष्ट इतक्या शांतपणे लिहिता आली नसती. नायट्रेट दोन ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असावे. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नये, कारण उपाशी प्रवाळ फिकट पडतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर चिकट शेवाळ बसते.

घराच्या हवेकडेही लक्ष द्यावे लागते, कारण स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारे यंत्र, दिवसरात्र तीच हवा पाण्यात मिसळत असतो. डास मारण्याच्या द्रवात आणि अगरबत्त्यांत पायरेथ्रॉइड प्रकारची द्रव्ये असतात आणि ती कोळंबी-खेकड्यांना अत्यंत विषारी आहेत. टाकीच्या खोलीत ती लावू नयेत, सोसायटीत धुरळणी असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात, आणि दिवाळीआधीचे रंगकाम त्या खोलीपुरते टाळावे. स्किमरची हवेची नळी शक्यतो खिडकीबाहेर काढावी. एसीसाठी बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा सामू ७.८ च्या खाली येतो, तोही या नळीमुळे सुधारतो. फक्त धुरळणीच्या वेळी ती आत घ्यायला विसरू नये.

प्रवाळ घेताना मशरूम, झोअँथस आणि लेदर या क्रमाने घ्यावेत. झेनिया घ्यायचाच असेल तर तो एका सुट्या दगडावर, इतरांपासून वेगळा ठेवावा, नाहीतर वर्षभरात तो काँग्रेस गवतासारखा पसरेल. लेदर प्रवाळ पाण्यात रसायने सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतात, त्यामुळे त्यांच्याभोवती जागा सोडावी आणि ही रसायने शोषणारा गाळणीतला कार्बन दर महिन्याला बदलावा. झोअँथस आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्याविषयी मात्र गंभीरपणे सांगतो. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असू शकते. ते कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, आणि ज्या दगडावर ते वाढले आहेत तो दगड साफ करण्यासाठी कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली सगळी माणसे दवाखान्यात जाऊ शकतात. मासे घेतल्यावर चार-सहा आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवावेत. तांब्याचे औषध द्यायचे ते तेथेच, कारण मुख्य टाकीत तांबे गेले तर प्रवाळ आणि गोगलगायी जगत नाहीत. त्याच कारणाने पितळी कॉक किंवा नोझल कुठेही लावू नये.

राहिला गणपतीचा प्रश्न. भाद्रपदात चिलरवर ताण कमी असतो, त्यामुळे हे आठ दिवस मे महिन्यातील आठ दिवसांपेक्षा सोपे जातात. हवा दमट असल्याने वाफही कमी होते. टॉप-अपची टाकी ६० लिटरची असेल तर पुरेल. निघण्याच्या आठवड्यात कोणताही नवा मासा, नवा प्रवाळ किंवा नवे यंत्र टाकीत घालू नका. पाणी बदलायचे असेल तर निघण्यापूर्वी चार दिवस बदला. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नका. औषधाच्या गोळ्यांच्या डब्या मिळतात त्यांत एकाआड एक दिवसाचे खाद्य मोजून भरून द्या आणि बाकीचे कपाटात बंद करा, कारण मासे नेहमीच भुकेले दिसतात आणि प्रेमळ शेजाऱ्याला ते पाहवत नाही. त्यांनी रोज एकदा येऊन दोनच गोष्टी पाहायच्या : वरच्या टाकीतून समपमध्ये पाणी पडण्याचा आवाज येतो आहे का, आणि थर्मामीटर २८ च्या खाली आहे का. दोहोंपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर कशालाही हात न लावता आपल्याला फोन करायचा, एवढे कागदावर लिहून टाकीच्या काचेवर चिकटवून जा.